सत्कारानंतर पुढे काय? डॉक्टर, संशोधन आणि आपण

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये फलक झळकू लागतात. भिवंडी असो, मालेगाव असो, मिरज, नांदेड किंवा महाड असो, चित्र सारखेच. उर्दू शाळेच्या मैदानात मंडप, स्टेजवर जमातीचे बुजुर्ग, नगरसेवक, एखादे आमदार आणि हातात ट्रॉफी घेऊन अवघडून उभी असलेली मुले-मुली. याची थट्टा करायचे काही कारण नाही. ज्या घरात पहिल्यांदा कोणी दहावीच्या पुढे गेले, त्या घरासाठी तो दिवस मोठाच असतो. अम्मीच्या डोळ्यांतले पाणी खरे असते.

प्रश्न त्यानंतर साडेपाच वर्षांनी सुरू होतो. तीच मुलगी किंवा तोच मुलगा इंटर्नशिप संपवून डॉक्टर म्हणून बाहेर पडतो, तेव्हा मंडप नसतो आणि विचारणारेही दोनच प्रश्न विचारतात. "पीजीला नंबर लागला का?" आणि लागला नसेल तर, "मग दवाखाना कुठे टाकणार?" डॉक्टर होऊन संशोधन करता येते, त्यासाठी पदे असतात, त्या पदांसाठी अर्ज करायचा असतो आणि त्या काळात पगारही मिळतो, हे त्या घरात कोणी बोललेलेच नसते. महाविद्यालयातही फारसे कोणी बोलत नाही. या अंकात आम्ही मुद्दाम हा विषय घेतला आहे. मी स्वतः डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि मित्रांच्या घरातल्या नव्या डॉक्टरांचे असे अर्ज वाचून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि ते वाचताना जे दिसले ते सांगणे गरजेचे वाटते.

आधी एक उदाहरण, म्हणजे हा विषय केवळ करिअरचा नाही हे लक्षात येईल. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा एक आजार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची पाठ्यपुस्तकातली खूण अशी की आठवड्याच्या सुटीनंतर कामगार पुन्हा कामावर गेला की त्या पहिल्या दिवशी छाती जड होते, आवळल्यासारखी वाटते. पुढचे दिवस त्रास कमी होत जातो. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी यावर पायाभूत काम केले. तिथे सुटी रविवारची, म्हणून पुस्तकांत हा त्रास 'सोमवारचा' म्हणून नोंदला गेला आणि कामगारांना विचारायच्या प्रश्नावलीतही सोमवार आला. आता मालेगावात या. इथल्या यंत्रमागांची सुटी शुक्रवारची. म्हणजे एखाद्या नव्या डॉक्टरने पुस्तक हातात धरून मागावरच्या माणसाला "सोमवारी छाती जड होते का?" असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, आणि डॉक्टरच्या वहीत 'आजार नाही' अशी नोंद होईल. प्रश्न शनिवारचा विचारायला हवा होता. हा आजार मागापेक्षा सूतगिरणीत आणि कापसाच्या गाठी फोडण्याच्या कामात अधिक दिसतो, हेही खरे. पण मुद्दा कळला असेल. हे शनिवारचे गणित कळायला फार मोठी प्रज्ञा लागत नाही, त्या मोहल्ल्यात वाढलेला माणूस संशोधकांच्या टेबलावर बसलेला असावा लागतो.

आपल्या वस्त्यांमधला क्षय, बाळंतपणातला रक्तक्षय, मुलांची वाढ, मागाच्या आवाजाने कमी होणारे ऐकू येणे, यावर संशोधन होत नाही असे नाही. होते. पण प्रश्न बहुतेक वेळा बाहेरून येतो. कोविडच्या काळात मालेगावात साथ कशी आटोक्यात आली याची देशभर चर्चा झाली, काढ्याची तर दंतकथाच झाली, आणि पुढे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'मॅजिक मालेगाव' नावाने अभ्यासही हाती घेतला. चांगलेच झाले. मात्र तिथल्याच एखाद्या तरुण डॉक्टरने स्वतःहून, पहिल्या लाटेतच, नीट नोंदी ठेवून तो प्रश्न मांडला असता तर? तशी तयारी असलेले किती जण आपल्याकडे आहेत?

आता वाट कशी आहे ते पाहू. विलायतेत ती बरीच आखलेली आहे. तिथे डॉक्टर झाल्यावर दोन वर्षांचा फाउंडेशन कार्यक्रम असतो आणि त्यातल्या काही जागा संशोधनाची जोड असलेल्या असतात. त्यानंतर 'अकॅडेमिक क्लिनिकल फेलो' नावाचे पद, साधारण तीन वर्षांचे, ज्यात एक चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखून ठेवलेला असतो. मग पीएचडी, मग क्लिनिकल लेक्चरर. २००५ साली मार्क वॉलपोर्ट यांच्या समितीने अहवाल दिला आणि त्यातून ही शिडी उभी राहिली. तिथेही चुरस भयंकर आहे. पण प्रत्येक पायरीचे नाव, मुदत आणि पगार अर्ज करणाऱ्याला आधी माहीत असतो.

आपल्याकडे शिडीऐवजी सुट्या पायऱ्या आहेत, त्याही वेगवेगळ्या इमारतींत. विद्यार्थी असतानाच करायची पायरी म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. १९७९ पासून ती चालू आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी मार्गदर्शक शोधतो, छोटा प्रस्ताव पाठवतो, मंजूर झाला तर काही आठवडे काम करून अहवाल देतो. आपल्या किती मुलांना ती वेळेवर कळते? पदवीनंतर आयसीएमआरच्या संस्थांमध्ये प्रकल्पांवरची पदे निघतात. 'प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट' हे त्यातले एमबीबीएससाठीचे मुख्य पद; आयसीएमआरच्या सुधारित दरांप्रमाणे पहिल्या श्रेणीला महिना ६७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता. काही संस्थांत एमबीबीएसनंतर थेट पीएचडीला वाव आहे. पब्लिक हेल्थकडे जायचे असेल तर मुंबईत टिस आहे, चेन्नईत आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे, तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र आहे. आणि पुढच्या टप्प्यावर, थोडे काम हातात आल्यावर, २००८ पासून चालू असलेल्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत, ज्यात डॉक्टरांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे.

महाराष्ट्रातल्या मुलांना तर फार लांब जायचीही गरज नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, १९५२ सालची. भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. परळला प्रजनन आरोग्याची संस्था, केईएमच्या आवारात रक्ताच्या आजारांची संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र. हाफकिन तर जे. जे.हून बसने अर्ध्या तासावर. प्लेगच्या लसीचा पहिला डोस वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतला, तो याच मुंबईत. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नावही जगभर गेले ते १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या रुग्णांच्या रक्तात काहीतरी वेगळे आहे हे ओळखले म्हणून.

या संस्थांच्या जाहिराती त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवर येतात. मुदत बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांची, कधी थेट मुलाखतीची तारीखच दिलेली. वर्तमानपत्रात शोधत बसलात तर कळणार नाही. पद कंत्राटी असते आणि प्रकल्प संपला की तेही संपते, ही गोष्ट घरी आधीच स्पष्ट सांगावी. नाहीतर "सरकारी नोकरी लागली" म्हणून मिठाई वाटली जाते आणि दोन वर्षांनी सगळ्यांचाच चेहरा पडतो.

शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. बहुतेक मुले हे वर्ष म्हणजे शिक्षा समजतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये कोचिंगच्या अ‍ॅपवर नीट-पीजीचे प्रश्न सोडवत ते कसेबसे काढायचे, असा हिशेब. पीजीची तयारी करू नका असे मी म्हणणार नाही, ते बोलणे बेजबाबदारपणाचे होईल. पण संशोधनाच्या अर्जासाठी लागणारी सगळ्यात मौल्यवान गोष्ट, म्हणजे स्वतः पाहिलेला प्रश्न, तो याच वर्षात मिळतो.

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, नागपूरला एमबीबीएस झालेला तरुण १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचू चावलेली माणसे, लहान मुले, डोळ्यांसमोर दगावत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात भरणारे पाणी यांच्या तासातासाच्या नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशात उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले आणि मृत्यूचे प्रमाण खूप खाली आले. हे सुरू झाले तेव्हा त्यांच्याकडे फेलोशिप नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. रुग्णांत आपल्या महाड-म्हसळा-श्रीवर्धनकडची माणसेही होतीच. मला हे उदाहरण आवडते ते त्यातल्या त्यागापेक्षा त्यातल्या नोंदवहीमुळे. त्याग सगळ्यांना जमत नाही आणि जमावा असा आग्रहही नको. वही ठेवणे जमते.

तर अर्ज. मी वाचलेल्या अर्जांपैकी निम्म्यांची सुरुवात "मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे" अशी होती. आमच्या क्षेत्रात नव्या मुलांच्या मुलाखती घेताना 'क्विक लर्नर' हा शब्द दिसला की आम्ही पुढच्या ओळीवर जातो, तसेच याचे होत असणार. आमच्याकडे ज्याने स्वतः एखादा छोटा प्रोग्राम लिहिला आहे, तो कुठे मोडतो हे ज्याला माहीत आहे आणि का मोडतो हे जो सांगू शकतो, त्याला जागा मिळते. गुणपत्रिका नंतर पाहतात. संशोधनाच्या अर्जातही तेच आहे. आवड सांगू नका, प्रश्न सांगा.

प्रश्न लहान करत जाणे ही खरी कला आहे. समजा एखादी डॉक्टर म्हणते, "मला मधुमेहावर संशोधन करायचे आहे." हा प्रश्न झाला नाही, हा विषय झाला. "रमजानमध्ये मधुमेही लोकांना त्रास होतो का?" हे थोडे जवळ आले. पण पबमेडवर शोधले (ते फुकट आहे, फोनवरही उघडते) तर कळते की यावर २००१ साली १३ देशांत 'एपिडायर' नावाचा मोठा अभ्यास झालेला आहे. मग अर्जात "या विषयावर कोणीच काम केलेले नाही" असे लिहिले की निवड समितीतला जाणकार माणूस पुढे वाचणार नाही. आता आणखी खाली या. "माझ्या आरोग्य केंद्रात मधुमेहाची गोळी घेणारे जे लोक रोजे ठेवतात, त्यांच्यापैकी किती जण गोळीची वेळ किंवा मात्रा बदलतात, आणि ती कोणाच्या सल्ल्याने: डॉक्टरच्या, मेडिकलवाल्याच्या, की शेजाऱ्याच्या?" हा प्रश्न झाला. याचे उत्तर मोजता येते. उत्तर आल्यावर काय करायचे हेही दिसते: उदाहरणार्थ, शाबान महिन्यातच मशिदीत डॉक्टरांना बोलावून माहिती देता येईल. आणि हा प्रश्न विचारायला बाहेरच्या संशोधकापेक्षा तुम्ही बऱ्या स्थितीत आहात, कारण "रोजा ठेवता का?" असे विचारल्यावर समोरचा माणूस तुमच्याकडे संशयाने पाहणार नाही.

यात एक धोका आहे, तो सांगून ठेवतो. केंद्रातले रजिस्टर तुमच्या मालकीचे नसते. रुग्णाने आपली माहिती उपचारासाठी दिलेली असते, तुमच्या लेखासाठी नाही. माणसांवरच्या कोणत्याही अभ्यासाला एथिक्स कमिटीची, म्हणजे नैतिकता समितीची परवानगी लागते. रुग्णाची संमती लागते. नावे काढून टाकावी लागतात. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी वाचावीत. आधी माहिती गोळा करून मग परवानगी घेता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर ती अमानत आहे.

आणि हेही लिहिले पाहिजे: पैसे घेऊन शोधनिबंधात नाव घालून देणारे, थिसिस लिहून देणारे दुकानदार आता व्हॉट्सअ‍ॅपवर उघड फिरतात. "सगळेच करतात" हे उत्तर ऐकले आहे. सगळे करत नाहीत, आणि मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडे पडते. ज्या निबंधावर तुमचे नाव आहे त्यातला नमुना इतकाच का घेतला, हे सांगता आले नाही की संपले. त्यापेक्षा तुमचा एकही निबंध नाही असे सांगा आणि वही दाखवा. संशोधनाची पद्धत शिकण्यासाठी राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा एक पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन आहे. पीजीच्या विद्यार्थ्यांना तो बंधनकारक आहे, पण इंटर्नलाही तो घरबसल्या ऐकता येतो. अर्ज करण्यापूर्वी तो ऐकलेला असला तर मुलाखतीची निम्मी भाषा समजते.

शिफारसपत्र अधिष्ठात्यांचे असले म्हणजे वजनदार, असा एक समज आहे. ज्या अध्यापकाने तुम्हाला वॉर्डात खरोखर काम करताना पाहिले आहे, त्याचे चार ओळींचे पत्र अधिक उपयोगी. मागताना दोन आठवडे आधी मागावे आणि सोबत आपल्या कामाची अर्ध्या पानाची माहिती द्यावी. इंग्रजीची भीती हा आपल्या मुलांचा कायमचा विषय. शिक्षण मराठी किंवा उर्दू माध्यमात, मग पाच वर्षे वॉर्डात हिंदी-मराठी बोललेले. उपाय साधा आहे. आपला प्रश्न, पद्धत आणि अडचण ही तीन उत्तरे मोठ्याने बोलून पाठ नव्हे, सरावाची करायची. छोटी वाक्ये. "निकाल तुमच्या अपेक्षेच्या उलट आला तर काय कराल?" हा प्रश्न जवळपास नक्की येतो. "तोही छापीन" हे उत्तर कोणत्याही इंग्रजीत चालते.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने आहेत, अनेक घरांत भावांपेक्षा पुढे. पण पदवी आणि निकाह यांच्यामध्ये जो काळ असतो त्यात तिला "दोन वर्षांचे कंत्राटी पद, तेही पुण्यात" हे घरी पटवून द्यायचे असते. दवाखाना म्हटले की वडिलांना कळते, सासरलाही कळते. संशोधन म्हटले की "म्हणजे नक्की काय करणार?" असे विचारतात. गंमत म्हणजे रात्रपाळ्या आणि इमर्जन्सीच्या मानाने या पदांचे तास पुष्कळदा ठरलेले असतात. आणि आपल्या वस्तीतल्या बायका बाळंतपणाचे, पाळीचे, घरातल्या मारहाणीचे जे एखाद्या लेडी डॉक्टरला सांगतील ते कोणत्याही सर्वेक्षकाला सांगणार नाहीत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांवर केलेले काम १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले, तेव्हा ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे फक्त गर्भारपण ही समजूत हलली. आपल्या मोहल्ल्यांतून असे काम कोण करणार आहे, हा प्रश्न मुलीच्या वडिलांनाही विचारावा.

बीयूएमएस झालेल्यांनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. केंद्रीय युनानी संशोधन परिषदेची प्रादेशिक संस्था मुंबई परिसरातच आहे. युनानी औषधांबद्दल दावे खूप होतात आणि पुरावे कमी मांडले जातात, ही तक्रार खोडून काढायची असेल तर ती चाचण्या नीट करूनच खोडता येईल. भाषणांनी नाही.

"पण आपल्या नावाने घेतील का?" हा प्रश्न जाहीरपणे कोणी विचारत नाही, खाजगीत सगळे विचारतात. ही भीती हवेतून आलेली नाही, हे मान्य करूया. मात्र भेदभाव किती होतो हे आज आपल्याला सांगता येत नाही, कारण किती जणांनी अर्ज केले याचीच नोंद नाही. आमच्या कामात एखादी यंत्रणा बिघडली की आधी लॉग उघडतात. लॉग नसेल तर भांडण होते, दुरुस्ती होत नाही. म्हणून आमची सूचना आहे: ज्यांनी अर्ज केला त्यांनी तारीख, संस्था, पद, मुलाखतीला बोलावले की नाही, आणि काय विचारले, एवढे लिहून ठेवावे. नकार आला तरी. पाच वर्षांच्या अशा नोंदी असतील तर तक्रार करायची की तयारी सुधारायची, हे ठरवता येईल.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पैशाची आहे, आणि तिथे आपण काही करू शकतो. पीएचडीसाठी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना २००९ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मिळत होती. ती २०२२-२३ पासून बंद केल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने लोकसभेत सांगितले. इतर योजनांशी ती जुळते, हे कारण दिले गेले. ज्यांना त्या इतर योजना लागू होत नाहीत त्यांचे काय, याचे उत्तर मिळालेले नाही. ती मागणी सोडू नये. पण तोवर जे आहे तेही आपण पुरते वापरत नाही. महाराष्ट्रात मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, आणि ओबीसींच्या पीएचडीसाठी महाज्योतीची फेलोशिप आहे. जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रीमिलेअर यांची कागदपत्रे इंटर्नशिपमध्येच तयार ठेवली नाहीत तर जाहिरात आल्यावर धावपळ करून ती होत नाहीत. अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संस्थेला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. सारथी आणि बार्टीच्या धर्तीवर तिथून संशोधकांना फेलोशिप मिळाव्यात, आणि त्यात वैद्यकीय पदवीधरांचा उल्लेख स्पष्ट असावा, यासाठी आत्ताच निवेदने गेली पाहिजेत. नियम ठरून गेल्यावर बदलायला वर्षे लागतात.

आता आपल्या स्वतःच्या खिशाकडे. नवा डॉक्टर खाजगी रुग्णालयात आरएमओ म्हणून राहिला, वर संध्याकाळी एखादा दवाखाना केला, तर घरात लगेच पैसा येतो. बहिणीचे लग्न, शिक्षणासाठी गहाण टाकलेले दागिने, अब्बांचे वय, हे सगळे त्याच्यासमोर असते. जाहिरात निघेपर्यंतचे, मुलाखतीचे आणि रुजू होईपर्यंतचे सहा-आठ महिने हाताला काही नसते. पीएचडीला लागला तर जेआरएफचा दर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार, आणि तोही अनेकदा वेळेवर येत नाही. हुशार मुले इथे गळतात. त्यांची आवड कमी पडते म्हणून नाही, घर चालत नाही म्हणून.

आपल्या जमातींचे, अंजुमनांचे, खाजगी ट्रस्टचे शिष्यवृत्तीचे अर्ज पाहा. 'पहिल्या वर्षाची फी' हा रकाना असतो, 'पुस्तके' असतो, कधी 'हॉस्टेल' असतो. पदवीनंतरच्या काळासाठी रकानाच नाही. एका मध्यम शहरातल्या एका ट्रस्टने दरवर्षी एका डॉक्टरला, फक्त एका, सहा महिने २० हजार रुपये दिले तर १ लाख २० हजार होतात. सत्काराच्या एका मोठ्या जलशाचा मंडप, जेवण आणि ट्रॉफ्या धरल्या तर हा आकडा कोणाला अशक्य वाटू नये. जकात यासाठी चालते का, हे ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारावे. लिल्लाह फंडाला तो प्रश्न येत नाही. अट एकच ठेवावी: त्या डॉक्टरने वर्षातून एक दिवस आपल्या शहरात येऊन इंटर्नशिपमधल्या मुलांचे अर्ज वाचून द्यावेत.

अर्ज वाचून देणे हे काम आम्हीही सुरू करत आहोत. या मासिकाच्या वाचकांमध्ये डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, संख्याशास्त्र जाणणारे आहेत. ज्यांची इंटर्नशिप यंदा संपते आहे त्यांनी आपला प्रश्न मराठीत किंवा उर्दूत, एका पानात, संपादकांकडे पाठवावा. इंग्रजी नंतर पाहू. आणि ज्या ट्रस्टच्या विश्वस्तांपर्यंत हा लेख जाईल, त्यांनी शाबानमध्ये शिष्यवृत्तीचा नवा फॉर्म छापायला देण्यापूर्वी त्यात पदवीनंतरच्या सहा महिन्यांसाठी एक रकाना वाढवावा.